मोटारीतला बोलका रेडिओ

श्रोतेहो, या घटकेस मी बोलत आहे आणि आपण ऐकत आहात. माझे म्हणणे आपणांस रुचले नाही तर यंत्राची कळ फिरवून आपण मला गप्प करू शकता. परंतु त्याच यंत्रातून मला उत्तर देण्याची सोय मात्र आपणांस नाही. नभोवाणीचा हा एकतर्फीपणा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, त्यात काही उणे आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः विद्युत्-लहरींच्या ठिकाणी असा पंक्तिप्रपंच नाही. ज्या तारेने लहर पकडता येते, त्याच तारेने ती सोडताही येते. बोलणारा एक आणि ऐकणारे असंख्य ही वाटणी निसर्गाने केलेली नसून सरकारांनी व कंपन्यांनी केलेली आहे. ही वाटणी थोडीशी मोडून सामान्य माणसाच्या हाती बोलण्याचे यंत्र देण्याचा एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. तेथे तो ‘सिटिझन्स बँड’ या नावाने, आणि लोकांच्या तोंडी ‘सी. बी.’ या दोन अक्षरांनी, प्रसिद्ध आहे. मोटारीच्या फळीखाली बसणारा पुस्तकाएवढा संच, छतावर वेतासारखी लवणारी एक तार, आणि बटण दाबून बोलावयाचा मायक्रोफोन, एवढीच त्याची सामग्री. परंतु हे यंत्र ज्यांनी लोकांच्या हाती दिले त्यांची कल्पना एक होती, आणि लोकांनी त्याचे जे केले ते अगदीच निराळे होते. त्या तफावतीचाच इतिहास मला आज सांगावयाचा आहे.

आरंभ पोलिसांच्या मोटारीपासून करावा लागतो. १९२८ साली डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांतून रेडिओचे ग्राहक-संच यशस्वी रीतीने चालविण्यास प्रारंभ केला. ठाण्यावरून सुटलेला हुकूम गाडीत ऐकू येई. पण ‘हुकूम पोचला’ एवढे दोन शब्द कळविण्यासाठीही शिपायाला गाडी थांबवून टेलिफोन शोधीत हिंडावे लागे. म्हणजे त्या काळी पोलीसही आपल्यासारखेच निव्वळ श्रोते होते. १९३३ साली न्यू जर्सीमधील बेयोन या गावच्या पोलिसांनी गाडीतूनही उत्तर देता येईल अशी योजना केली, आणि मग ती रीत सर्वत्र पसरली. तथापि यंत्रे अद्याप अवजड होती. प्रक्षेपकाच्या नळ्यांना लागणारा विजेचा उच्च दाब मोटारीच्या बॅटरीतून मिळविण्यासाठी एक लहानसे फिरते जनित्र बसवावे लागे. बटण दाबल्यावर त्यास वेग येईपर्यंत सेकंदाचा काही अंश जाई, आणि तेवढ्यात बोलणाराचे पहिले अक्षर गिळले जाई. यावर इलिनॉय राज्याच्या पोलिसांनी १९३७ च्या सुमारास मोठी गमतीची तोड काढली. प्रत्येक संकेतांकाच्या आधी ‘टेन’ हा शब्द उच्चारावयाचा; तो ऐकू आला तर उत्तम, गिळला गेला तरी हानी नाही, कारण अर्थ पुढच्या आकड्यात. ‘टेन-फोर’ म्हणजे ‘समजले’. श्रोत्यांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. त्याचा पुढे फार चमत्कारिक उपयोग झाला.

याच सुमारास क्लीव्हलंड शहरात अल ग्रॉस नावाचा एक तरुण आपल्या घरच्या तळघरात यंत्रे जुळवीत बसला होता. त्याचा जन्म १९१८ साली टोरांटो येथे झाला. नऊ वर्षांचा असताना ईरी सरोवरातील एका आगबोटीवर बिनतारी संदेशाची खोली त्याने पाहिली आणि त्या नादात तो आयुष्यभराचा अडकला. १९३८ साली, म्हणजे विशीत, त्याने हातात धरून चालता चालता बोलण्याचा संच तयार केला. कॅनडातील डोनाल्ड हिंग्ज यानेही त्याच सुमारास असे यंत्र केले होते, तेव्हा पहिला मान कोणाचा या वादात मी पडत नाही. महायुद्धात अमेरिकेच्या हेरखात्याने ग्रॉसला बोलावून घेतले, आणि जर्मनीतल्या भूमीवरून हेराला आकाशातील विमानाशी थेट बोलता यावे अशा छोट्या संचाच्या निर्मितीत त्याचा हात लागला. या संचाच्या लहरी इतक्या आखूड होत्या, आणि अशा सरळ वर जात, की जर्मनांच्या शोधयंत्रांना त्यांचा माग लागणे अतिशय कठीण होते.

युद्ध संपत आले तेव्हा असा प्रश्न निघाला की, सैनिकाच्या पाठीवरचे हे यंत्र नागरिकाच्या हाती का देऊ नये? अमेरिकेत आकाशातील लहरींची वाटणी करणारी संस्था म्हणजे फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन. तिचे एक सभासद ई. के. जेट यांनी १९४५ च्या जुलै महिन्यात एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून घराघरांतून हवेतून बोलणाऱ्या नागरिकांचे चित्र रंगविले. त्याच वर्षी कमिशनने ‘सिटिझन्स रेडिओ सर्व्हिस’ या नावाने ४६० ते ४७० मेगासायकल हा पट्टा राखून ठेवला. (ज्याला तेव्हा मेगासायकल म्हणत, त्यालाच आज मेगाहर्ट्झ म्हणतात.) १९४८ साली या पट्ट्यासाठी कमिशनची मान्यता मिळालेले पहिले संच ग्रॉसच्याच कंपनीचे होते. त्याची गिऱ्हाइके मुख्यत्वे शेतकरी आणि तटरक्षक दल. परंतु इतक्या आखूड लहरींची यंत्रे त्या काळी स्थिर ठेवणे कठीण, किंमत भारी, आणि टेकडी किंवा इमारत आडवी आली की आवाज खुंटला. सामान्य नागरिक त्या पट्ट्याकडे फिरकलाच नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. ग्रॉस ज्या वर्षांत अमेरिकन सरकारसाठी बोलकी यंत्रे करीत होता, त्याच काळात, १९४२ साली, आमच्या मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी एक गुप्त प्रक्षेपक या घरातून त्या घरात हलवीत काँग्रेस रेडिओ चालवीत होते. २७ ऑगस्टला सुरू झालेले ते केंद्र १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडले आणि चालविणारांना तुरुंगवास भोगावा लागला. यंत्राचे तत्त्व दोन्हीकडे एकच; फरक एवढाच की, एका ठिकाणी बोलण्याचा अधिकार सरकार उदार मनाने वाटावयास निघाले होते आणि दुसऱ्या ठिकाणी तो चोरून घ्यावा लागत होता. पण अमेरिकन सरकारचे औदार्यही किती मोजून मापून होते, हे पुढे दिसेलच.

पहिला पट्टा वाया गेला असे पाहून कमिशनने ११ सप्टेंबर १९५८ रोजी दुसरा पट्टा उघडला. तो २७ मेगासायकलच्या आसपासचा, सुमारे अकरा मीटर लांबीच्या लहरींचा. त्यात २३ चॅनेल पाडले. हा पट्टा आकाशातून पडला नव्हता. तो परीक्षा देऊन परवाना मिळविणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांच्या वापरातून काढून घेण्यात आला होता, आणि त्यांच्या मनातील हा सल पुढे अनेक वर्षे गेला नाही. शिवाय या निवडीत एक विचित्र विसंगती होती. सेवा हवी होती गावापुरती, चार-दहा मैलांची. पण अकरा मीटरच्या लहरींचा स्वभाव असा की, सूर्यावरील डागांचा जोर वाढला म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युन्मय थरावरून त्या उसळून हजार-दोन हजार मैलांवर जाऊन पडतात. आणि १९५८ हे वर्ष तर आजवर नोंदलेल्या सौरचक्रांपैकी सर्वांत प्रखर चक्राच्या ऐन भरातले! शेजारच्या गल्लीत बोलावयाचे म्हणून दिलेल्या यंत्रात परमुलखाचा आवाज उमटू लागला, तर माणसाला मोह पडणारच.

मोह पडू नये म्हणून नियम होते. परवाना काढावा, बोलताना सरकारने दिलेले ओळखचिन्ह उच्चारावे, कामापुरते बोलावे, गंमत म्हणून किंवा ओळखी वाढविण्यासाठी बोलू नये. पुढे त्यांत भर पडली: दीडशे मैलांपलीकडच्या माणसाशी संभाषण करू नये, आणि पाच मिनिटांत आटोपते घ्यावे. शक्तीची मर्यादा आरंभी प्रक्षेपकास पुरविल्या जाणाऱ्या विजेवर, पाच वॅट, अशी होती. नंतर ती एरियलकडे जाणाऱ्या शक्तीवर, चार वॅट, अशी झाली. चार वॅट म्हणजे निजावयाच्या खोलीतला मिणमिणता दिवा. सारांश, कमिशनला अपेक्षित असलेला नागरिक हा कामाशी काम ठेवणारा, मितभाषी आणि आपले नाव-गाव सांगून बोलणारा सद्गृहस्थ होता. असा नागरिक जगात कोठे आहे, याचा शोध कमिशनने घेतला होता किंवा काय, कोण जाणे.

आता खुद्द यंत्राकडे वळू, कारण येथे समजून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या संचांतून नळ्या असत, आणि प्रत्येक चॅनेलसाठी स्फटिकांची निराळी जोडी विकत घ्यावी लागे. त्यामुळे तीन-चार चॅनेलांवर भागविणारे लोक फार. पुढे ट्रान्झिस्टर आले. त्यांना फिरत्या जनित्राची गरज नव्हती. मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी त्यांना थेट पुरे. संच लहान झाला, स्वस्त झाला, आणि काही थोड्या स्फटिकांच्या मिश्रणातून सर्व २३ चॅनेल मिळू लागले. मोटारीतला सी. बी. खऱ्या अर्थाने शक्य झाला तो या वेळेपासून.

दुकानात गेलेला अमेरिकन गिऱ्हाईक सामान्यतः संचाच्या तोंडाकडे पाही: किती दिवे, किती खुंट्या, काटा कसा हलतो. जाणकार मात्र प्रथम एरियल पाही. याचे कारण सरळ आहे. कायद्याने सर्वांस चारच वॅट दिलेले; श्रीमंताचा संच आणि गरिबाचा संच यांत शक्तीचा भेद नाही. भेद पडावयाचा तो त्या चार वॅटांपैकी किती हवेत जातात आणि किती तारेतच जिरतात यावर. अकरा मीटर लहरीचा चतुर्थांश म्हणजे पावणेतीन मीटर, सुमारे नऊ फूट. एवढ्या उंचीची पोलादी काठी हे मोटारीवरील उत्तम एरियल. पण नऊ फुटांची काठी छतावर लावली तर ती झाडाच्या फांदीला, पुलाला आणि गॅरेजच्या दाराला अडणार. मागच्या बंपरवर लावली तर लहरी सर्व दिशांस सारख्या जात नाहीत, गाडीचा पत्रा ज्या अंगाला अधिक त्या अंगाला त्यांचा जोर अधिक. कारण एरियल म्हणजे नुसती काठी नव्हे. काठी आणि तिच्याखालचा धातूचा पत्रा मिळून ते पुरे होते. म्हणून बहुतेकांनी मधला मार्ग काढला. काठी आखूड करावयाची, उरलेली लांबी तारेच्या वेटोळ्याने भरून काढावयाची, आणि छताच्या मधोमध बसवावयाची. यात काही शक्ती वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने जाते, पण सोय मिळते. काठीची लांबी लहरीशी बरोबर जुळली नाही, तर शक्तीचा काही भाग उलट फिरून संचाकडे येतो आणि तेथील ट्रान्झिस्टरला इजा करू शकतो. हे मोजण्याचे एक छोटे मापक असे, आणि जो ते जोडून काठीची उंची अर्धा-पाव इंच वरखाली करण्याचा कंटाळा करी, तो उगाच संचाला दोष देत बसे.

मालमोटारवाल्यांची पद्धत निराळी होती. त्यांच्या मागे मालाचा प्रचंड पेटारा. तो एकाच काठीच्या लहरींना आडवा येई. म्हणून ते दोन बाजूंच्या आरशांच्या दांड्यांवर दोन काठ्या लावीत. दोहोंत सात-आठ फुटांचे अंतर पडे, आणि दोन्ही लहरी मिळून रस्त्याच्या पुढच्या व मागच्या दिशेस जोर धरीत, बाजूच्या शेतांकडे कमी जात. ज्याला पुढच्या दहा मैलांतील रस्ताच तेवढा जाणून घ्यावयाचा आहे, त्याला शेतांशी काय कर्तव्य?

संचाच्या आत पाहावयाच्या गोष्टी थोड्या. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर कितपत दाबली जाते. शेजारच्या चॅनेलवरील आवाज आत घुसतो की काय. आणि कोणी बोलत नसताना खरखर बंद ठेवणारी खुंटी नाजूकपणे काम करते की नाही. ही खुंटी फार वर केली तर दूरचा क्षीण आवाज तिच्याखाली दबून जातो, आणि नेमका मदतीची याचना करणारा आवाज क्षीणच असतो. विजेची जोडणी बॅटरीपासून सरळ आणावी म्हणजे मोटारीचा गुणगुणाट आत येत नाही. शेवटी एक अनुभवाची गोष्ट. छतावरची काठी म्हणजे ‘आत संच आहे’ अशी चोराला दिलेली दवंडी. सत्तरच्या दशकात या चोऱ्या इतक्या वाढल्या की, संच सरकवून काढता येईल अशी चौकट आणि पटकन उतरविता येणारी काठी यांचाच एक धंदा होऊन बसला.

बोलण्याची रीतही यंत्रानेच ठरविली होती. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलावयाचे. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही शब्द जाऊन एक कर्कश शिट्टी तेवढी उरते. म्हणून आधी ऐकावयाचे, मग ‘ब्रेक’ म्हणून जागा मागावयाची, बोलून झाले की बटण सोडावयाचे. ज्यांना सभेत बोलण्याचा प्रसंग कधी आला नव्हता, अशा लाखो माणसांना सभेचा पहिला नियम या बटणाने शिकविला.

तथापि १९७३ पर्यंत हे सारे छोटे दुकानदार, शेतकरी, नळदुरुस्ती करणारे आणि काही हौशी मंडळी यांच्यापुरतेच होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले. पंपांवर रांगा लागल्या, डिझेलचा भाव चढला, आणि जेथे मिळे तेथेही थोडेथोडे मिळे. २ जानेवारी १९७४ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या कायद्याने साऱ्या देशात वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल झाली. घरच्या गाडीत बसून कचेरीत जाणाऱ्याला यात फारसे काही वाटले नाही. पण स्वतःची मालमोटार कर्जाने घेऊन चालविणारा माणूस मैलावर पैसे मिळवितो. जो पूर्वी ताशी पासष्ट-सत्तर मैल जाई, त्याला तोच मजुरीचा पैसा आता अधिक तास घालवून, अधिक महाग तेल जाळून मिळवावयाचा होता. १९७३ च्या डिसेंबरातच पेनसिल्व्हेनिया, ओहायो या राज्यांत मालमोटारवाल्यांनी आपल्या गाड्या हमरस्त्यावर आडव्या उभ्या केल्या होत्या. त्यांची संघटना अशी नव्हती. पुढारी नव्हते, कचेरी नव्हती, तारा-टेलिफोनची सोय नव्हती. होता तो आरशावरच्या दोन काठ्यांतून जाणारा चार वॅटांचा आवाज. एक गाडी थांबली, तिच्या चालकाने का थांबलो ते सांगितले, मागच्याने ते पुढच्याला कळविले, आणि काही तासांत मैलोगणती रांगा झाल्या. जानेवारी-फेब्रुवारी १९७४ चा संप तर काही ठिकाणी हिंसक झाला. चालत्या गाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि काही राज्यांत नॅशनल गार्डचे सैनिक आणावे लागले. हे रोमांचक चित्र नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ज्यांना संपात पडावयाचे नव्हते, त्या चालकांचा ठावठिकाणाही त्याच आवाजाने कळत असे.

संप मिटला, पण वेगाची मर्यादा राहिली. आणि या मर्यादेनेच सी. बी. ला खरे रूप दिले. १९ क्रमांकाचा चॅनेल हा हळूहळू मालमोटारवाल्यांचा रस्ता झाला. अमुक मैलाच्या दगडाशी पोलीस उभा आहे, तमुक पुलाखाली वेग मोजण्याचे यंत्र लावले आहे, अशा वार्ता समोरून येणारे एकमेकांस देऊ लागले. राज्य पोलिसांची रुंद काठाची टोपी वनखात्याच्या जाहिरातीतील स्मोकी नावाच्या अस्वलाच्या टोपीसारखी दिसे. म्हणून पोलीस झाला ‘स्मोकी’ किंवा नुसताच अस्वल. विमानातून पाळत ठेवणारा तो आकाशातला अस्वल, आणि वेगमापक यंत्र चालविणे म्हणजे फोटो काढणे. तांड्यातील सर्वांत पुढची गाडी हे पुढचे दार, शेवटची ते मागचे दार, आणि या दोघांच्या संरक्षणात मधून निर्धास्त चालणारी गाडी आरामखुर्चीत बसलेली. या सर्वांच्या उत्तरादाखल येई तो शब्द मात्र ‘टेन-फोर’! पोलिसांनी आपल्या यंत्राची उणीव झाकण्यासाठी काढलेला शब्द पोलिसांना चुकविणाऱ्यांच्या तोंडी जाऊन बसला. भाषेच्या इतिहासात अशा उलटापालटी पुष्कळ आढळतात. पण इतकी साफ उलटापालट विरळाच.

सरकारी ओळखचिन्हाचे काय झाले? ते कोणी उच्चारीना. त्याऐवजी जो तो स्वतःला एक टोपणनाव घेऊ लागला. ओळखचिन्ह न सांगणे हा गुन्हा होता, पण नाव न सांगता बोलावयास मिळणे हाच तर लोकांना खरा लाभ वाटत होता. दिवसभर एकटा गाडी हाकणारा माणूस टोपणनावाच्या आडून अनोळखी माणसाशी मन मोकळे करी, आणि दहा मैलांनंतर दोघांचे आवाज एकमेकांच्या टप्प्याबाहेर जात. कमिशनने ज्याला ‘अनावश्यक संभाषण’ म्हटले होते, त्याचीच माणसांना अधिक आवश्यकता होती.

मग शहरी लोक आले. १९७५ च्या अखेरीस निघालेले ‘कॉन्व्हॉय’ हे मालमोटारींच्या तांड्याचे गाणे १९७६ च्या जानेवारीत देशात पहिल्या क्रमांकावर गेले. १९७६ च्या निवडणुकीत अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड ‘फर्स्ट मामा’ या टोपणनावाने हवेत बोलल्या. वीस डॉलर असलेली परवान्याची फी १९७५ साली चार डॉलर झाली आणि पुढे तीही उठली. अर्जांचे ढीग लाखांनी येऊ लागले, आणि परवानाधारकांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली. परवाना न काढणारे किती, याची मोजदाद अर्थातच होऊ शकत नव्हती. १ जानेवारी १९७७ पासून चॅनेल २३ चे ४० झाले. या एका हुकुमाने दुकानांत पडून असलेले २३ चॅनेलांचे संच रातोरात जुनेपुराणे ठरले, मिळेल त्या किमतीस विकले गेले, आणि कारखानदारांपैकी अनेकांचे कंबरडे मोडले.

आणि याच भरतीत आवाज बुडाला. एका शहरात हजारो संच आणि चॅनेल चाळीस; ऐकावे तिकडे शिट्ट्या. ज्याचा आवाज पोचेना, त्याने शक्ती वाढविणारे बेकायदा यंत्र जोडले; ते पाहून शेजाऱ्याने त्याहून मोठे जोडले. आसपासच्या घरांतील दूरदर्शनच्या पडद्यावर रेघा उमटू लागल्या आणि भांडणे पेटली. १९७८ साली कमिशनने अशा यंत्रांच्या विक्रीवर बंदी घातली. वास्तविक शक्ती चौपट केली तरी ऐकणाराच्या मापकाचा काटा जेमतेम एक अंक पुढे सरकतो. पण ज्याला मोठ्याने ओरडावयाचे आहे त्याला हे गणित कोण सांगणार? त्यात १९७९ च्या अखेरीस सौरडागांचा पुन्हा कळस झाला, आणि हजार मैलांवरचा गोंगाटही घरच्या गोंगाटात मिसळला. टोपणनावाच्या आडून जसा जिव्हाळा आला, तशी शिवीगाळही आली. कृष्णवर्णीय नागरिकांनी शहरांतून आपली मंडळे आणि आपली स्वतंत्र बोलण्याची ढब केव्हाच निर्माण केली होती, पण त्यांना याच हवेतून ओंगळ शब्दही ऐकावे लागत. चित्रपटांतून रंगलेल्या गोऱ्या मालमोटारवाल्याच्या प्रतिमेत या लोकांना कोठेच स्थान मिळाले नाही.

असे असता हा सारा खेळ कमिशनने मोडून का टाकला नाही? एक कारण असे की, मोडणे तिच्या हाती उरलेच नव्हते. एवढ्या मोठ्या देशात गुन्हेगार शोधणारी तिची माणसे मूठभर. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. १९६२ साली हेन्री क्रियर नावाच्या गृहस्थांनी ‘रिॲक्ट’ ही स्वयंसेवकांची संस्था काढली होती. तिचे सभासद घरी बसून पाळीपाळीने एक चॅनेल ऐकत राहत आणि रस्त्यात अडकलेल्यांसाठी पोलिसांना, रुग्णवाहिकेला किंवा दुरुस्तीवाल्याला टेलिफोन करीत. १९७० साली कमिशनने ९ क्रमांकाचा चॅनेल अशा संकटसमयासाठी राखून ठेवला. मागाहून अनेक राज्यांच्या पोलिसांनीही आपल्या गाड्यांत सी. बी. बसविले. ज्यांना चुकविण्यासाठी १९ व्या चॅनेलवर एवढी कुजबुज चाले, त्यांनाच ९ व्या चॅनेलवर लोक अपघाताची खबर देऊ लागले; आणि पुष्कळ वेळा खबर देणारा माणूस तोच असे. मला या साऱ्या इतिहासातील ही गोष्ट सर्वांत मनोवेधक वाटते. त्याला कायदा नको होता असे नाही. पंचावन्न मैलांचा कायदा नको होता.

२८ एप्रिल १९८३ पासून अमेरिकेत या पट्ट्याला परवान्याची अटच उरली नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शिकागोत मोबाईल टेलिफोनची व्यापारी सेवा सुरू झाली. पंचावन्न मैलांचा कायदा १९९५ साली रद्द झाला, आणि दीडशे मैलांपलीकडे बोलू नये हा, कोणीच न पाळलेला, नियम २०१७ मध्ये काढून टाकण्यात आला. शिट्टीचा उपद्रव ज्यात कमी होतो ती एफ. एम. पद्धत वापरण्यास २०२१ मध्ये परवानगी मिळाली. ब्रिटनने ही पद्धत आरंभापासूनच स्वीकारली होती. पण तेथे परवानगीच मुळी उशिरा, २ नोव्हेंबर १९८१ रोजी, मिळाली, तीही हजारो लोक चोरून आणलेले अमेरिकन संच उघडपणे वापरू लागल्यानंतर. भारतातही २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा एक छोटा पट्टा अल्पशक्तीच्या संचांसाठी परवान्यावाचून खुला करण्यात आला आहे. परंतु आमचे मालमोटारवाले अजून भोंगा, दिव्याची उघडझाप आणि ढाब्यावरच्या गप्पा यांवरच भागवितात.

अल ग्रॉस २००० साली वारला. त्याचे अनेक हक्क या यंत्रांची लाट येण्यापूर्वीच मुदत संपून गेले होते, त्यामुळे त्या लाटेचा पैसा त्याच्या हाती लागला नाही. मालमोटारींच्या आरशांवरील काठ्या आता पूर्वीइतक्या दिसत नाहीत. रस्त्याची वार्ता चालकाला हातातल्या टेलिफोनवर मिळते. परंतु वायोमिंगच्या पठारावर हिमवादळ सुरू झाले, पुढचा रस्ता दिसेनासा झाला आणि टेलिफोनला लहर मिळेनाशी झाली, म्हणजे कोणीतरी चालक १९ व्या चॅनेलवर बटण दाबतो, समोरून येणाऱ्याला पुढे रस्ता कसा आहे ते विचारतो, आणि बटण सोडून उत्तराची वाट पाहतो.